अधिक जांभळा, निज जांभळा

मराठी भाषेला नुसत्या रंगाने कधी समाधान लाभलेले नाही. लाल असला तर तो लालभडक, पिवळा असला तर पिवळाधमक, हिरवा हिरवागार, निळा निळाशार, पांढरा पांढराशुभ्र आणि काळा काळाकुट्ट असल्याखेरीज आपल्या जिभेवरून तो खाली उतरत नाही. आणि एवढ्यानेही भागू नये म्हणून डाळिंबी, अंजिरी, आमसुली, गुलबक्षी, अबोली, मोरपंखी, पारवा, श्रीखंडी, चिंतामणी असे एक स्वतंत्र दप्तर आपल्या आज्यापणज्यांनी फळबाग, फुलबाग, पक्षी आणि स्वयंपाकघर धुंडाळून लुगड्यांच्या दुकानात उघडून ठेवले आहे. या वैभवात वाढलेल्या मनुष्यास छापखान्यात नेऊन उभे करावे आणि "काका, आमच्याकडे शाया चारच," असे त्यास सांगावे, म्हणजे त्याची स्थिती श्रीखंडपुरीच्या पंगतीतून उठवून इस्पितळातील पेजेवर बसविलेल्या रोग्यासारखी होते. ती माझी झाली. तिचीच ही कैफियत.

आमची सहकारी गृहनिर्माण संस्था मानपाडा रोडवर, म्हणजे चार रस्त्याकडून कल्याण-शीळ रस्त्याकडे जाणाऱ्या आणि रिक्षांच्या भोंग्यांनी अष्टौप्रहर दुमदुमणाऱ्या मार्गावर आहे. हा मानपाडा डोंबिवलीचा. ठाण्यास घोडबंदर रस्त्यावर जो आहे तो निराळा. हे विधान वाचकाने तूर्त किरकोळ समजावे, परंतु विसरू नये. आमच्या परिसरास रंगांचे दुर्भिक्ष आहे असे आमचा शत्रूदेखील म्हणणार नाही. औद्योगिक वसाहत हाकेच्या अंतरावर असल्याने २०१४ च्या जानेवारीत डोंबिवलीवर हिरव्या रंगाचा पाऊस पडला, आणि २०२० च्या फेब्रुवारीत वसाहतीतील एक रस्ता असा काही गुलाबी झाला, की तो पाहण्यास खुद्द राज्याचे मुख्यमंत्री आले. ज्या गावी आकाश आणि डांबर ही दोन्ही विनामूल्य रंगतात, त्या गावी संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेची नऊ पाने रोख दाम मोजूनही रंगू नयेत, यास दैवदुर्विलासाखेरीज दुसरे नाव मला तरी सुचत नाही.

स्मरणिकेचे संपादकपद माझ्याकडे आले ते गुणवत्तेमुळे नव्हे. पाण्याच्या टाकीच्या सफाईबाबत चिटणिसांनी लावलेल्या नोटिशीतील ऱ्हस्वदीर्घ लाल पेनाने दुरुस्त करून ती पुन्हा फलकावर टाचण्याचा अपराध माझ्या हातून पूर्वी घडला होता, आणि त्याची शिक्षा म्हणून सर्वसाधारण सभेने मला एकमताने संपादक नेमले. महसूल खात्यात ३४ वर्षे कारकुनी केलेल्या मनुष्यास ठराव नामंजूर करण्याची सवय नसते. मी रुजू झालो.

दीडशे प्रती काढावयाच्या होत्या. सदनिका ११२, जाहिरातदार वीसेक, बाकीच्या प्रती पाहुण्यांना. मजकूर नेहमीचाच : अध्यक्षांचे मनोगत, २५ वर्षांचा अहवाल, जमाखर्च, केटरर, पॅथॉलॉजी आणि गणिताचे क्लास यांच्या जाहिराती, आणि पावसावरील ५ कविता. यांपैकी कशालाही रंगाची गरज नव्हती. रंग लागणार होता तो मधल्या नऊ पानांना. कारण नवरात्रात रोज एका ठरावीक रंगाचे वस्त्र नेसण्याची जी प्रथा आमच्या काळी वर्तमानपत्रांनी घराघरांत रुजविली, ती आमच्या महिला मंडळाने एखाद्या सरकारी परिपत्रकाप्रमाणे बिनचूक पाळली होती, आणि केशरी, पांढरा, लाल, निळा, पिवळा, हिरवा, राखाडी, जांभळा व राणी अशा नऊ दिवसांची नऊ समूहचित्रे स्मरणिकेत आली नाहीत तर वर्गणी आणि तिळगूळ ही दोन्ही बंद होतील, असा स्पष्ट इशारा मिळाला होता.

प्रथम दरपत्रके मागविली. येथे मला लहान छपाईचे मूळ दुःख समजले. मोठ्या ऑफसेट यंत्रावर प्रत्येक रंगाची निराळी प्लेट करावी लागते, त्या चार प्लेटा यंत्रावर चढवून एकमेकींवर केसभरही न सरकता बसवाव्या लागतात, शाईचे मान जुळेपर्यंत पुष्कळसा कागद रद्दीत जातो, आणि हा सर्व खटाटोप दीडशे प्रतींसाठी असो वा दीड हजारांसाठी, सारखाच असतो. म्हणजे दोनच पाहुणे जेवावयाचे असले तरी मांडव, आचारी आणि चूलखंड ही लग्नाचीच लागतात. एका छापखान्याने दीडशे प्रतींचे ३५ हजार सांगितले आणि हजार प्रतींचे ४८. खजिनदारांनी तत्काळ हजार प्रतींचा हिशेब मांडला, प्रति प्रत किती स्वस्त पडते ते सभेस पटवून दिले, आणि उरलेल्या साडेआठशे प्रतींचे काय करावयाचे या प्रश्नावर सभा तहकूब झाली. शेवटी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका गाळ्यातील डिजिटल छपाईवाल्याकडे प्रत १६० रुपयांप्रमाणे काम देण्यात आले. डिजिटल यंत्रास प्लेट लागत नाही. ते पहिली प्रत आणि शंभरावी प्रत एकाच मायेने व एकाच दराने काढते. त्याचा दोष इतकाच, की त्याच्या पोटात त्या चार शायांच्या चार पुडी असतात आणि जगातील यच्चयावत् रंग त्यांतूनच जमवून आणावे लागतात.

आमच्या आजोबांच्या देवघरात रविवर्म्याची लक्ष्मी होती. तिच्या लुगड्याचा रंग साठ वर्षांच्या धुपाऱ्यानंतरही असा होता की आम्हा मुलांस तो हाताला लागेल असे वाटे. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईस गिरगावात शिळाछापाचा कारखाना घातला, पुढे तो लोणावळ्यानजीक मळवलीस नेला, आणि जर्मन कारागिरांच्या देखरेखीखाली तेथे एकेका रंगछटेसाठी एकेक स्वतंत्र दगड रेखून एकाच चित्रावर पुन्हा पुन्हा छाप दिला जाई. लाल हवा तर लालच शाई घोटून लावावयाची. तो दुसऱ्या दोघांच्या भागीदारीत काढावयाचा नाही. लक्ष्मी श्रीमंत दिसे, त्याचे हे एक कारण होय. मी छपाईवाल्यास भीत भीत विचारले, की केशरी दिवसापुरती एक निराळी केशरी शाई घालता येणार नाही का? त्याने मला आपादमस्तक न्याहाळले आणि चहा मागविला.

पहिले प्रूफ आले. ते साध्या मॅपलिथो कागदावर होते, कारण खजिनदारांच्या मते प्रूफ म्हणजे कच्ची पावती आणि कच्च्या पावतीस भारी कागद वापरणे हा अपव्यय. सभेत ते फिरले आणि जी शांतता पसरली तिच्यात दुसऱ्या मजल्यावरील कुकरची शिटी स्पष्ट ऐकू आली. केशरी भगिनी विटकरी झाल्या होत्या. हिरव्या शेवाळल्या होत्या. पांढऱ्या दिवसाला शाईच नसते, तेथे कागदाचाच रंग दिसतो, आणि कागद किंचित पिवळट असल्याने त्या भगिनींची वस्त्रे चार पावसाळे दोरीवर राहिल्यासारखी दिसत होती. राखाडी पानावर अर्धी मंडळी हिरवट होती व अर्धी गुलाबी. पुढे मला कळले की छपाईत राखाडीइतका अवघड रंग नाही, कारण तिन्ही रंगीत शाया आपापल्या नेमक्या प्रमाणात तोलून धरल्या तरच तो राखाडी राहतो, एकीने जरा पारडे जड केले की त्याचे इमान ढळते. आणि निळा दिवस? निळा दिवस जांभळा झाला होता, मूळचा जांभळा होताच, आणि नऊ दिवसांच्या नवरात्रात दोन जांभळे दिवस येऊन निळा लुप्त झाला होता.

येथे माझ्यातील कारकून जागा झाला. वस्तुस्थिती बदलता येत नसेल तर नोंद बदलावी, या खात्याच्या सनातन तत्त्वास अनुसरून मी अशी सूचना मांडली, की पंचांगात ज्याप्रमाणे अधिक श्रावण आणि निज श्रावण असे दोन महिने लागोपाठ येतात आणि कोणी तक्रार करीत नाही, त्याप्रमाणे चित्रांखाली 'अधिक जांभळा' व 'निज जांभळा' असे छापावे. पुरुषवर्गातून अनुमोदन मिळण्याची चिन्हे दिसू लागली होती. परंतु निळ्या दिवशी पहिल्या रांगेत उभ्या असलेल्या एका काकूंनी "अधिकात मंगलकार्य करत नाहीत, आम्ही काय अशुभ का?" असा जाब विचारला आणि सूचना जन्मतःच वारली.

दुसरे एक प्रकरण याहून नाजूक होते. नवांपैकी दोनच पाने झळाळून उठली होती : पिवळे आणि राणी. महिला मंडळाच्या अध्यक्षा राणी रंगाच्या दिवशी बरोबर मध्यभागी उभ्या होत्या. सभेत कोणी काही बोलले नाही. पण "संपादकांचे लक्ष कुठे असते ते पानावर दिसते" असे एक वाक्य जिन्यात उच्चारले गेले आणि ते माझ्या घरापर्यंत माझ्या आधी पोहोचले. त्या रात्री जेवणात मीठ नव्हते.

दुसऱ्याच दिवशी प्रूफ काखोटीस मारून मी वागळे इस्टेट गाठली. छपाईवाला पंचविशीतला, कानावर पेन्सिल, बोलणे मोजके. त्याने पडद्यावर निळ्या दिवसाचे चित्र काढले आणि उजव्या हाताच्या बोटाने माऊस टिचकावीत म्हणाला, "यात सायन पुरतोय, मॅजेंटा जास्त झालाय." पंचवीस वर्षे डोंबिवलीहून धीम्या लोकलने प्रवास केलेल्या मनुष्यास सायन म्हणजे कुर्ला आणि माटुंगा यांच्यामधील स्थानक एवढेच ठाऊक असते, ते आमच्या चित्रात कसे शिरले आणि पुरते म्हणजे काय, या विचारात मी दोन क्षण हरवलो. सायन ही शाई असून ती आकाशी निळ्याच्या वंशातील आहे, हा खुलासा त्याने केला. मॅजेंटा म्हणजे आपला राणी. हे ऐकताच जिन्यातील वाक्याचा परस्पर निकाल लागला : राणी आणि पिवळा हे रंग यंत्राच्या पोटात जन्मतःच शाई म्हणून हजर असतात, ते वडिलोपार्जित इनामदार, बाकीच्यांना दोघातिघांच्या दारी जाऊन भिक्षा मागावी लागते. मी हे लेखी मागितले. त्याने दरपत्रकाच्या पाठीवर लिहून दिले आणि ते मी घरी फ्रिजवर लावले.

"पण काका," तो म्हणाला, "तुम्ही रंग मोबाईलवर बघता. मोबाईल हा दिवा आहे. कागद दिवा नाही." आणि माझ्याच हातातील यंत्राचा उजेड त्याने निम्म्याहून खाली आणला. काय सांगावे! क्षणापूर्वी जे निळेशार आणि केशरीगर्द होते ते प्रूफाच्या सख्ख्या भावंडासारखे दिसू लागले. पडदा स्वयंप्रकाशी असतो, तो रंग डोळ्यांत फेकतो. कागद बापडा चंद्रासारखा परप्रकाशी, खोलीत जेवढा उजेड असेल तेवढ्यावर त्याचा संसार. मला हा विषय वसुलीच्या भाषेत अधिक चांगला उमगला. पांढरा प्रकाश हा कागदावर होणारा भरणा होय. सायन शाई त्यातील तांबडा हिस्सा कापून घेते, मॅजेंटा हिरवा आणि पिवळी निळा. कपात होऊन जी शिल्लक डोळ्यांकडे परत येते तिलाच आपण रंग म्हणतो. म्हणजे शाई रंग देत नाही, घेते. "फिके आले आहे, आणखी थोडी शाई मारा," अशी जी सूचना आमच्या अध्यक्षांनी सभेत ठासून केली होती, तिचा अर्थ रयत खंगली आहे सबब सारा वाढवावा, असा होता. तीन वसुली कारकून एकाच गावात बसले की मागे चिखलच राहतो. म्हणून काळ्यासाठी चौथा अंमलदार निराळा ठेवावा लागतो.

निळ्या रंगाची दुरुस्ती याच तत्त्वावर होती. निळा हवा असेल तर सायन आणि मॅजेंटा या दोघी लागतात, पण त्या समान हक्काने आल्या की घर जांभळे होते. धाकटीस जरा मागे उभे करावे लागते. त्याने सायन शंभर टक्क्यांवर ठेवून मॅजेंटा ७० च्याही खाली उतरविला आणि पडद्यावरील काकू निळ्या झाल्या. केशरीसाठी त्याने उलट केले : पिवळा भरपूर, मॅजेंटा निम्मा, आणि पदराच्या घड्यांत दडून बसलेला सायनचा अंश झाडून काढला. तो अंश असला की केशर विटकर होते. एवढासा वसूल, पण सबंध पान खाऊन जातो.

यानंतर त्याने ड्रॉवरातून एक भिंग काढले आणि जुन्या प्रूफावरील लाल पानावर ठेवले. मी वाकून पाहिले. लाल साडी नव्हतीच. होते ते ठिपके : राणी रंगाचे आणि पिवळे, जोंधळ्याच्या पिठाइतके बारीक, एकमेकांच्या अंगावर अर्धवट चढलेले, मध्येच एखादा काळा, आणि त्यांच्या फटींतून उघडा कागद. ज्या पदराच्या काठासाठी तिसऱ्या मजल्यावरील काकूंनी तीन वेळा फोन केला होता तो काठ म्हणजे शाईची पूड आणि तिच्यामधील मोकळी जागा एवढाच ऐवज होता. भिंग उचलले, की पुन्हा लालभडक साडी. मी ते तीनचार वेळा ठेवले-उचलले. छपाईवाल्या मुलाने काही म्हटले नाही. बहुधा सर्वच संपादक तसे करीत असावेत.

कागदही बदलला. मॅपलिथोचे पृष्ठ सूक्ष्मतः खरखरीत असते. पातळ शाई असेल तर ती त्यात भाकरीत आमटी मुरावी तशी मुरते, आणि पुडीची शाई असेल तर वर बसते खरी पण प्रकाश इतस्ततः विस्कटून मंद दिसते. १३० जीएसएमच्या आर्ट पेपरवर घोटीव लेप असतो, त्यावर तीच शाई न्हाऊन आल्यासारखी दिसली. खजिनदारांस मी फोनवर १३० चा अर्थ सांगितला : एक मीटर लांब व एक मीटर रुंद कागदाचे वजन १३० ग्रॅम. ते म्हणाले, "आपली पुस्तिका केवढी, वहीएवढी ना? मग इतका कागद कशाला?" मी फोन ठेवला. छायाचित्रेही पुन्हा गोळा करावी लागली, कारण व्हॉट्सॲपवरून आलेली चित्रे वाटेत इतकी आक्रसतात, की मूळ नऊवारीची पाचवारी होते. ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा, असे मी गटावर पाच वेळा लिहिले आणि त्यावर मला ३८ अंगठे आले, चित्रे आली ११.

पाने ३८ झाली होती. मध्यभागी पिन मारलेल्या पुस्तिकेस चारच्या पटीत पाने लागतात, म्हणून ४० करावी लागली, आणि रिकाम्या दोन पानांवर सहावी व सातवी पावसाची कविता आली. याबद्दल मी अधिक लिहीत नाही.

नवे प्रूफ घेऊन छपाईवाला मला गाळ्याच्या शटरबाहेर घेऊन गेला. "ट्यूबखाली बघू नका," तो म्हणाला, "बाहेर बघा." आणि एकदम मला माझ्या लग्नाचा बस्ता आठवला : दादरच्या दुकानात आत्या प्रत्येक शालू उचलून थेट दाराशी, पदपथावरच्या उन्हात नेत आणि तेथून ओरडून निकाल देत, "आत चिंतामणी होता, बाहेर नुसता वांगी आहे!" दुकानदार पाठीमागून धावे. आत्यांना प्रकाशशास्त्र कोणी शिकविले नव्हते. परंतु एका उजेडात जुळलेले दोन रंग दुसऱ्या उजेडात काडीमोड घेतात, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्या दिवशी वागळे इस्टेटच्या रस्त्यावर, टेम्पो आणि हातगाड्यांच्या मधोमध, मी ती नऊ पाने एकेक करून उन्हाकडे धरली. निळा निळा होता. राखाडी जवळजवळ राखाडी होता. केशरी पूर्वीच्या केशरीपुढे थोडा ओशाळलेला असला तरी विटकरी खास नव्हता, आणि यापुढे चार शायांत तो जात नाही, असे त्या मुलाने एखाद्या वैद्यासारखे हळू आवाजात सांगितले. मी सही केली.

आता ते किरकोळ विधान. खोक्यावर संस्थेचे नाव आणि खाली 'मानपाडा' एवढाच पत्ता लिहिला गेला. टेम्पोचालकास वागळे इस्टेटहून ठाण्याचा मानपाडा जवळ. आणि आमच्या संस्थेचे नाव अशा एका लोकप्रिय देवाचे आहे की त्याच्या नावाची संस्था महाराष्ट्रातील कोणत्याही पाड्यात मिळते. समारंभाच्या आदल्या रात्री आमच्या स्मरणिका घोडबंदर रस्त्यावरील एका अपरिचित पहारेकऱ्याच्या खोलीत सुखाने निद्रिस्त होत्या. सकाळी खजिनदार स्वतः रिक्षाने गेले आणि १४९ प्रती घेऊन आले. दीडशेवी तेथील चिटणिसांनी ठेवून घेतली होती. छपाई कोठे केली, दर काय, असे त्यांनी विचारल्याचे खजिनदारांनी सांगितले, तेव्हा त्यांच्या मुद्रेवर प्रथमच १६० रुपयांबद्दल क्षमाभाव दिसला.

प्रकाशन गच्चीवर, सायंकाळी सात वाजता, दोन पिवळ्या हॅलोजन दिव्यांखाली झाले. त्या उजेडात निळा काळा दिसत होता, जांभळा काळा दिसत होता, आणि पांढऱ्या दिवसाच्या भगिनी हळद लागल्यासारख्या दिसत होत्या. निळ्या पानावरून कुजबुज सुरू झाली. मी उन्हाचा, आत्याचा आणि सायनचा दाखला देऊ लागलो; कोणी ऐकेना. तेव्हा तळमजल्यावरच्या आजींनी, ज्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू गेल्याच महिन्यात काढला होता आणि दुसऱ्याचा निधीअभावी पुढील वर्षावर ढकलला होता, प्रत मागून घेतली, मोबाईलची बॅटरी नातवाकडून पानावर मारवून घेतली, एक डोळा तळहाताने झाकला, मग दुसरा झाकला, आणि पुन्हा पहिला.

"निळीशार आहे की ग," त्या म्हणाल्या. "आणि ह्या डोळ्यानं बघितलं तर आमसुली."

"आजी, खरा रंग कोणत्या डोळ्याने?" चिटणिसांनी इतिवृत्ताची वही सरसावीत विचारले.

"अरे, पैसे भरले त्या डोळ्यानं निळी."

खजिनदारांनी मान खाली घातली.